सोलापुरातून परदेशी भाषा आणि शिष्यवृत्ती: कॉलेजच्या भाषा विभागातून सुरुवात कशी करायची

पहिल्यांदा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसले तेव्हा माझ्याकडं जर्मनचं बी1 सर्टिफिकेट होतं (परदेशी भाषेच्या पातळ्या ए1, ए2, बी1 अशा चढत जातात), मार्क बरे होते, पासपोर्ट होता. बायोडाटात उपक्रमांचा भाग आला आणि तिथं हात थांबला, कारण तीन वर्षं मी भाषा विभागाच्या प्रत्येक कार्यक्रमात राबले होते, सूत्रसंचालन केलं होतं, भाषांतराची वर्कशॉप घेतली होती, आणि त्यातल्या एकाचाही कागद माझ्याकडं नव्हता. फोटो होते ते जुन्या मोबाइलबरोबर गेले. त्या वर्षी अर्ज नापास झाला, त्याचं हेच एक कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण पुढच्या वर्षी तोच अर्ज कागदांसकट गेला आणि जर्मनीतल्या उन्हाळी भाषा कोर्सची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणून हे लिहितेय. कॉलेजातला कार्यक्रम आणि शिष्यवृत्ती या आपल्याकडं दोन वेगळ्या गोष्टी समजतात, एक मजेची आणि एक अभ्यासाची, पण दोन्ही एकाच फायलीत जातात हे मला कुणी पहिल्या वर्षाला सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली, म्हणजे विणकर आणि विडी कामगारांच्या तेलुगू वस्तीतली आहे. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी उर्दू-हिंदी, आणि आजोळ अक्कलकोटकडं असल्यामुळं कन्नड कानावर. सोलापुरातल्या निम्म्या पोरापोरींची हीच कथा आहे आणि आपण ती कुठंच लिहीत नाही. त्याबद्दल पुढं सांगते.

1. आधी भाषा ठरवा, आणि कशासाठी ते कागदावर लिहा

"जर्मन घेऊ का जपानी घेऊ" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. मैत्रिणीनं घेतली म्हणून घेऊ नका. पुढं काय करायचंय ते बघा. इंजिनिअरिंग किंवा सायन्सवाल्यांना जर्मन आणि जपानी उपयोगी पडते, साहित्य-समाजशास्त्रवाल्यांना फ्रेंचमध्ये भरपूर वाव आहे. अरबीचा विचार तर फार कमी जण करतात, आणि ज्यांना उर्दू वाचता येते त्यांना ती लिपी अर्धी आलेलीच असते, त्यांनी तर नक्की करावा. मँडरिनबद्दल लोक बिचकतात. बिचकू नका. आपल्याच सोलापुरात 1910 साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथं जाऊन चिनी शिकले, आणि पुढं तिथल्या विद्यार्थ्यांना वैद्यकशास्त्र शिकवलं. 9 डिसेंबर 1942 ला वारले तेव्हा वय फक्त 32. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक बाहेरून सगळ्यांनी पाहिलंय, एकदा आत जाऊन या.

एक भाषा घ्या आणि बी1 पर्यंत जा. तीन भाषांचं ए1 केलेली मुलं मी पाहिलीत, तीन सर्टिफिकेटं असतात पण कुठल्याच भाषेत पाच मिनिटं बोलता येत नाही, आणि भाषेशी संबंधित शिष्यवृत्तीला बहुतेक ठिकाणी ए1 कामाला येत नाही.

2. शिकायचं कुठं

सोलापुरात परदेशी भाषांचे पर्याय कमी आहेत हे खरंय. तुमच्या कॉलेजात सर्टिफिकेट कोर्स चालू असेल तर तो आधी घ्या, फी कमी असते आणि पुढं शिफारसपत्र देणारी मॅडम किंवा सर तिथंच भेटतात. ते कसं ते नवव्या मुद्द्यात आहे.

कॉलेजात नसेल तर फुकट सुरुवात करा. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन कोर्स असतात, आयआयटी मद्रासचा जर्मनचा आणि आयआयटी कानपूरचा जपानी भाषा-संस्कृतीचा. शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच फी आहे. कुठला कोर्स कुठल्या सत्रात आहे ते पोर्टलवर बघून घ्या. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या साइटवर ए1 ते बी1 पूर्ण जर्मन फुकट आहे, मी ए1 त्याच्यावरच केलं, रात्री आईचं विड्यांचं सूप बाजूला ठेवून तिच्याशेजारी बसून. जपानीसाठी जपान फाउंडेशनचं मिनातो नावाचं पोर्टल आहे.

पुण्यात मॅक्स म्युलर भवन म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूट, फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज आणि फर्ग्युसन रोडच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, तिथं जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश शिकवतात. यातल्या काहींचे ऑनलाइन वर्ग असतात. दर शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन येणारी मुलं मला माहितेत, त्यांचं कौतुकच आहे, पण ए1 साठी तेवढी धावपळ करू नका, बी1 ला करा.

बारावीत असाल आणि भाषाच मुख्य विषय करायचा असेल तर हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ) आणि दिल्लीचं जेएनयू ही दोन केंद्रीय विद्यापीठं आधी बघा. हैदराबाद सोलापूरहून रेल्वेनं पुण्यापेक्षा जरा लांब, एवढंच. आपल्याकडचे पालक पुण्याच्या पलीकडं विचारच करत नाहीत. तेलुगू घरातल्या मुलीला तर हैदराबादमध्ये परकं वाटायचं कारणच नाही.

3. भाषा विभागात शिरा

कॉलेजात मराठी, हिंदी, इंग्रजी, कुठं उर्दू, कुठं कन्नड, कुठं संस्कृत असे विभाग असतात आणि प्रत्येकाचं आपापलं मंडळ असतं. तुम्ही बी.कॉम.ला असा नाहीतर बी.एस्सी.ला, वाङ्मय मंडळात नाव घालता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये नोटीस लागते, ती बघा, नाही लागली तर थेट विभागप्रमुखांना जाऊन भेटा. पहिल्याच दिवशी "मला परदेशी जायचंय, शिष्यवृत्ती सांगा" असं करू नका. "काही काम असेल तर सांगा सर" म्हणा. खुर्च्या लावायचं काम देतील, लावा.

वेगवेगळ्या विभागांना एकत्र आणणं हेच इथलं खरं काम आहे. उर्दूचा मुशायरा, मराठीचं कविसंमेलन, कन्नडचा वेगळा कार्यक्रम, प्रत्येकाला आपापलेच तीस श्रोते. आम्ही तिसऱ्या वर्षाला सगळ्यांचा मिळून एक कार्यक्रम केला तर मागं उभं राहायला जागा नव्हती.

4. कार्यक्रम ठरवताना

तारीख. इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. आंतरराष्ट्रीय दिवसांची यादी घेऊन बसतात आणि सोलापूरचं कॅलेंडर विसरतात. मराठी भाषा संवर्धन पंधरवडा 14 ते 28 जानेवारी असतो, आणि ऐन तेव्हाच गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. संक्रांतीच्या आसपासचे दिवस नंदीध्वज, अक्षता, होम यात जातात, तेव्हा सोलापुरातला माणूस सभागृहात येऊन बसेल ही अपेक्षाच ठेवू नका. पंधरवड्याचा कार्यक्रम 22 तारखेच्या पुढं घ्या. सप्टेंबरअखेर चांगला असतो, 26 सप्टेंबर युरोपीय भाषा दिवस आणि 30 सप्टेंबर आंतरराष्ट्रीय भाषांतर दिन, पण त्या वर्षी नवरात्र कधी येतंय ते पंचांगात बघून ठरवा, आणि कोजागिरीच्या तोंडावर तर अजिबात नको, अर्धं गाव तुळजापूरला चालत निघालेलं असतं.

माझ्या मते सगळ्यात चांगला आठवडा 21 ते 27 फेब्रुवारी. 21 ला जागतिक मातृभाषा दिन, युनेस्कोनं 1999 मध्ये जाहीर केलेला, त्यामागं 1952 साली ढाक्यात बांगला भाषेसाठी जीव दिलेली पोरं आहेत. 27 ला मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. मधले दिवस बाकीच्या भाषांना द्या. एक तारीख एका भाषेचीच हवी असेल तर तेलुगू 29 ऑगस्ट, कन्नड राज्योत्सव 1 नोव्हेंबर, उर्दू 9 नोव्हेंबर, अरबी 18 डिसेंबर, फ्रेंच 20 मार्च. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सेमिस्टरच्या परीक्षा असतात हे मात्र धरून चाला.

विषय. किमोनो घालून रॅम्पवर चालणं आणि आयफेल टॉवरचं थर्माकोलचं मॉडेल यापलीकडं जा, मनापासून सांगते. त्यात भाषा कुठंच नसते. आमच्याकडं जे रंगलं ते सांगते.

एक, शब्दांची वर्कशॉप. एक मराठी शब्द घ्यायचा आणि खोलीतल्या प्रत्येक भाषेत तो कसा जातो ते बघायचं. आम्ही "माहेर" घेतला. तेलुगूत पुट्टिल्लु, कन्नडमध्ये तवरुमने, उर्दूत मायका, तिन्हीकडं धडाधड उत्तरं आली. जपानी शिकणाऱ्या पोरानं जिक्का सांगितलं, पण ते मुलग्यालाही चालतं, नुसतं आईवडलांचं घर. जर्मनमध्ये एल्टर्नहाउस, त्यातही लेकीचा काही संबंध नाही. मग "उष्टं" घेतला. तेलुगू एंगिलि, कन्नड एंजलु, हिंदी-उर्दू जूठा, आणि जर्मनला आले तर मी पाच मिनिटं बोर्डासमोर उभी, एका शब्दात जमेचना, शेवटी अख्खं वाक्य लिहावं लागलं. दीड तासाचा कार्यक्रम तीन तास चालला, एकही जण उठला नाही. खर्च फक्त खडूचा.

दोन, सिद्धरामेश्वरांची वचनं. सिद्धरामेश्वर म्हणजेच आपले सिद्धेश्वर. रोज ज्यांच्या तळ्यावरून जातो त्यांची वचनं, म्हणजे छोट्या भक्तिरचना, कन्नडमध्ये आहेत, बाराव्या शतकातली, हे आमच्या वर्गातल्या कितीतरी जणांना माहीत नव्हतं. कन्नडच्या मुलीनं मूळ वाचलं, मराठीच्या मुलानं अर्थ सांगितला, मी त्यातल्या दोन ओळी जर्मनमध्ये करून वाचल्या. माझं जर्मन तेव्हा कच्चं होतं, पण हेच भाषांतर पुढं अर्जात गेलं.

तीन, कोटणीस. 10 ऑक्टोबर जन्मदिवस, 9 डिसेंबर स्मृतिदिन. स्मारकाला भेट आणि परत आल्यावर अर्धा तास मँडरिनची ओळख. या गोष्टीला सोलापूरपेक्षा योग्य जागा नाही.

परवानगी आणि पैसे. प्राचार्यांच्या नावे अर्ज, विभागप्रमुखांच्या सहीनं, निदान पंधरा दिवस आधी. त्यात तारीख, वेळ, हॉल, माइक, पाहुणे, अंदाजे खर्च. दोन प्रती काढा आणि एकीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या, ही प्रत तुमच्याकडं राहू द्या. आमचा सगळा कार्यक्रम साडेतीन हजारात झाला, त्यात पाहुण्यांचा चहा, पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक, बॅनर आणि झेरॉक्स. बॅनर छापायच्या आधी प्रत्येक भाषेतला मजकूर ती भाषा येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. आमच्या बॅनरवर उर्दूची अक्षरं सुटी-सुटी आणि उलट्या बाजूनं छापून आली होती, डिझाइनवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती लिपी नीट बसत नव्हती, आणि उर्दूच्या सरांना किती वाईट वाटलं ते मी पाहिलंय. उर्दू-अरबी मजकूर कायम चित्र म्हणून द्या, टाइप करून देऊ नका. तेलुगू-कन्नडची जोडाक्षरंही तपासा.

5. कार्यक्रम संपला की त्याच आठवड्यात हे कागद करा

जागेवरून उठायच्या आधी यातलं निम्मं उरकून घ्या:

- एका पानाचा अहवाल: तारीख, विषय, किती विद्यार्थी, कुणी काय केलं, तुमचं नाव आणि काम स्पष्ट
- कॉलेजच्या लेटरहेडवर तुमच्या कामाचं पत्र, सही-शिक्क्यासह, जावक नंबर आणि तारखेसह
- हजेरीच्या पानाचा फोटो
- दोनच चांगले फोटो, बॅनर वाचता येईल असे
- पेपरमध्ये बातमी आली असेल तर कात्रण, पेपरचं नाव आणि तारीख दिसेल असं

पत्रात "सक्रिय सहभाग घेतला" एवढंच नको. "पाच भाषांमधल्या शब्दांच्या कार्यशाळेचं संयोजन केलं, दोन वचनांचं जर्मन भाषांतर सादर केलं" असं हवं, आणि शक्यतो इंग्रजीत घ्या म्हणजे पुढं भाषांतराचा खर्च नाही. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या, सरांना वेळ नसतो. स्कॅन करून ईमेलला आणि ड्राइव्हला टाका. माझे फोटो मोबाइलबरोबर गेले ते आठवून सांगतेय.

6. परीक्षा कधी द्यायची

अर्जाची शेवटची तारीख धरून उलटं मोजा. निकाल, सर्टिफिकेट हातात यायला आठवडे जातात.

गोएथेच्या बी1 मध्ये चार भाग आहेत, वाचन, श्रवण, लेखन, बोलणं, आणि प्रत्येकात 100 पैकी 60 लागतात. एक गेला तर तेवढाच पुन्हा देता येतो. माझं लेखन राहिलं होतं, ते नंतर दिलं. जेएलपीटी ही जपानीची परीक्षा भारतात वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. पुण्यात केंद्र आहे, पण नोंदणी काही महिने आधी असते आणि जागा पटापट भरतात. त्यात बोलण्याची परीक्षाच नाही, म्हणून एन4 (पाचांतली खालून दुसरी पातळी) पास झालेली मुलं मुलाखतीत अडकतात, बोलायचा सराव वेगळा करा. फ्रेंचला डेल्फ, स्पॅनिशला देले, मँडरिनला एचएसके, कोरियनला टोपिक.

एक खड्डा इथं आहे. गोएथे, डेल्फ, जेएलपीटीचं सर्टिफिकेट संपत नाही, पण शिष्यवृत्ती देणारे बऱ्याचदा दोन वर्षांच्या आतलंच मागतात. टोपिकचा निकाल तर दोनच वर्षं चालतो. पहिल्या वर्षाला परीक्षा देऊन टाकली आणि अर्ज पदवीनंतर केला तर पुन्हा द्यावी लागू शकते.

7. शिष्यवृत्त्या: इथल्या आधी

सगळे थेट परदेशाच्या मागं लागतात आणि घराजवळची सोडून देतात. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर तुमच्या प्रवर्गाची पोस्ट मॅट्रिक, आणि खुल्या प्रवर्गातल्यांना उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना. हे कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर कळतं.

पण पूर्व भागातल्या मुलामुलींनी हे नीट वाचा. आई विडी वळत असेल आणि तिच्याकडं विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर केंद्राच्या श्रम मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर होतो, पहिलीपासून व्यावसायिक पदवीपर्यंत आणि रक्कम वर्गाप्रमाणं 1 हजारापासून वर्षाला 25 हजारांपर्यंत आहे. माझी भाषेच्या परीक्षेची फी यातूनच निघाली. आमच्या गल्लीत कित्येक घरांत कार्ड ट्रंकेत पडून आहे आणि अर्ज केलेला नाही. कार्डावरचं आईचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आधी बघा, आणि बँक खातं विद्यार्थ्याच्या नावे, आधार जोडलेलं असू द्या.

8. बाहेरच्या शिष्यवृत्त्या, थोडक्यात आणि खड्ड्यांसकट

जर्मनी: डाड (DAAD) या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेच्या उन्हाळी भाषा कोर्सची शिष्यवृत्ती, तीन-चार आठवड्यांची. कॉलेजात असतानाच मिळू शकते म्हणून मी सगळ्यांना हीच सांगते. मास्टर्सलाही डाडच्या आहेत. पूर्ण पदवीसाठी जर्मनीला जायचं असेल तर नोव्हेंबर 2022 पासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपले शैक्षणिक कागद तपासल्याचा दाखला लागतो, फी 18 हजार, आणि वेळ लागतो.

जपान: मेक्स्ट, जपान सरकारची. त्यातली जपानी भाषा-संस्कृतीची एक वर्षाची शिष्यवृत्ती ज्यांचा पदवीचा मुख्य विषयच जपानी आहे त्यांना. बी.कॉम. करत बाजूला एन4 केलेल्यांना ती नाही, दोन मैत्रिणी कागद गोळा करून झाल्यावर हे वाचून रडल्या. बाकी संशोधनाच्या वगैरे वेगळ्या आहेत, त्या बघा.

फ्रान्स: चारपाक, कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेकडून. तैवान: हुआयू, मँडरिन शिकायला. हंगेरी: स्टिपेंडियम हंगेरिकम, यात त्यांच्या पोर्टलवर अर्ज आणि आपल्या सरकारकडून नॉमिनेशन असं दोन्हीकडून काम असतं, एकाच ठिकाणी भरून गप्प बसलात तर अर्ज अपुरा.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मास्टर्स आणि पीएचडीसाठी.

डाड काय किंवा मेक्स्ट काय, अर्जाला पैसे घेत नाही. "आमच्याकडं सीट आहे, वीस हजार भरा" म्हणणारा कुणीही आला, अगदी ओळखीतला असला तरी, उठून या. माझ्याकडूनही एकानं मागितले होते. व्हॉट्सॲपवर फिरणारी "फुल्ली फंडेड" यादी बघितली की त्या देशाच्या सरकारी साइटवर जाऊन त्या वर्षीच्या अटी स्वतः वाचा, मागच्या वर्षीच्या नाही.

9. शिफारसपत्र आणि मोटिव्हेशन लेटर

शिफारसपत्र तुम्हाला ओळखणाऱ्याकडून घ्या, पद मोठं असणाऱ्याकडून नाही. प्राचार्यांचं चार ओळींचं पत्र आणि तुम्हाला तीन वर्षं पाहिलेल्या मॅडमचं दीड पान, यात मॅडमचं घ्या. खुर्च्या लावल्या त्याचा उपयोग इथं होतो. महिनाभर आधी सांगा, सोबत तुमचा बायोडाटा, मार्कशीट, कार्यक्रमांचे अहवाल द्या. डाडचा शिफारसीचा फॉर्म त्यांच्या पोर्टलवर नोंदणी केल्यावरच तयार होतो, म्हणून आधी नोंदणी, मग मॅडम. कॉलेजचा ईमेल पत्ता लागतो कधी कधी, आपल्याकडं बऱ्याच शिक्षकांचा साधा जीमेल असतो, ते आधी विचारून घ्या.

मोटिव्हेशन लेटरबद्दल, म्हणजे मला हे का हवंय ते सांगणाऱ्या पत्राबद्दल. माझं पहिलं पत्र इंटरनेटवरून उचललेलं होतं, "लहानपणापासून मला जर्मन संस्कृतीचं आकर्षण" वगैरे. खोटं होतं ते, लहानपणी मला जर्मनी कुठं आहे ते माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी लिहिलं की माझ्या घरात आईशी एका भाषेत बोलून उंबरा ओलांडला की दुसरी भाषा सुरू होते, की माझी आजी तेलंगणातून हातमागाच्या कामासाठी इथं आलेल्या कुटुंबातली आणि तिला मराठी वाचता यायची नाही, तिची पत्रं मी वाचून भाषांतर करून सांगायचे. "उष्टं" या शब्दापाशी मी बोर्डासमोर कशी अडकले ते लिहिलं. आणि परत येऊन काय करणार तेही लिहिलं. मुलाखत झाली तिथं पहिला प्रश्न "उष्टं"वरच आला.

सोलापूरच्या मुलाला चार भाषा येणं हे आपल्याला इतकं रोजचं वाटतं की आपण बायोडाटात "मराठी, हिंदी, इंग्रजी" लिहून मोकळे होतो. तेलुगू लिहा, कन्नड समजते असं लिहा, उर्दू वाचता येते का बोलता येते ते लिहा. पत्र एआयकडून लिहून घेऊ नका, उंबऱ्याची गोष्ट त्याला माहीत नसते.

10. कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडलांचं, खाली आईचं. पासपोर्टवर दोनच रकाने. त्यात तेलुगू आडनावांची स्पेलिंगं, दहावीला एक, आधारला दुसरी, बापाच्या रेशनकार्डावर तिसरी. पासपोर्ट काढायच्या आधी दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणं आधार दुरुस्त करा, मग पासपोर्ट, आणि त्यानंतर परीक्षा, पोर्टल, शिफारसपत्र सगळीकडं पासपोर्टवरचंच स्पेलिंग. माझ्या भाषेच्या सर्टिफिकेटवर एक अक्षर जास्त होतं, ते दुरुस्त करून घेण्यात महिना गेला.

पासपोर्ट सेवा केंद्र सोलापुरातच आहे, साध्या 36 पानी पासपोर्टची फी 1500. दुसऱ्या वर्षालाच काढून ठेवा.

यादी:

- पासपोर्ट, दहावी-बारावीची सर्टिफिकेटं, सगळ्या सेमिस्टरची मार्कशीटं
- विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा एकत्र अधिकृत उतारा. हे मार्कशीटपेक्षा वेगळं असतं, केगावला विद्यापीठात परीक्षा विभागात अर्ज करावा लागतो, महिनाभर आधी करा. सीजीपीए असेल तर टक्केवारीचं पत्रही तिथूनच
- कॉलेजचं बोनाफाईड, चालू वर्षाचं
- भाषेचं सर्टिफिकेट
- बायोडाटा, युरोपसाठी युरोपास नमुन्यात
- मोटिव्हेशन लेटर, शिफारसपत्र
- पाचव्या मुद्द्यातले कार्यक्रमांचे कागद
- इथल्या शिष्यवृत्त्यांसाठी उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जात प्रमाणपत्र आणि वैधता, लागू असेल तर आईवडलांचं कामगार ओळखपत्र

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बघा, मागच्या वर्षीचा चालत नाही. अपोस्टील (कागद खरा असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) मागितलं असेल तरच करा, काही एजंट सगळ्यालाच लागतं म्हणून पैसे घेतात.

11. सबमिट करताना

शेवटच्या दिवसावर ठेवू नका. वेळ कुठल्या देशाची लिहिलीय ते वाचा, जर्मनीची रात्रीची बारा आणि आपली बारा वेगळी. मी दुसऱ्या वर्षी पाच दिवस आधी भरला, तरी पीडीएफ मोठी म्हणून दोनदा परत आली. मोबाइलच्या ॲपनं काढलेल्या स्कॅनवर ॲपचं नाव खाली येतं, ते काढा नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात नीट स्कॅन करून घ्या. फाइलला इंग्रजीत नाव द्या, देवनागरी नाव असलं की काही पोर्टल घेतच नाहीत. भरलेल्या अर्जाची पीडीएफ उतरवून ठेवा, मुलाखतीला तुम्ही काय लिहिलंय तेच विचारतात.

नापास झालात तर कारण कळवत नाहीत बहुतेक वेळा. तोच अर्ज विभागातल्या मॅडमना आणि निवड झालेल्या एखाद्या सीनियरला वाचायला द्या.

मी परत आल्यावर माझ्या दोन्ही वर्षांच्या अर्जांची फाइल, नापास झालेला आणि निवडलेला, झेरॉक्स करून विभागाच्या कपाटात ठेवलीय, पासपोर्ट नंबर वगैरे खोडून. तुमच्याही कॉलेजात अशी फाइल असेल, नसेल तर विचारा, कुणीतरी नक्की जाऊन आलेलं असतं. आणि पुढच्या फेब्रुवारीची तारीख आत्ताच विभागप्रमुखांना विचारून ठेवा, 21 ला हॉल आधीच दुसऱ्या कुणीतरी घेतलेला असतो.